दौंडला उतरलेला संदेश
(बिनतारी विद्येचा इतिहास आणि आपल्या मुलांचा छंद)



दौंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रेल्वे उभी राहते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा मार्ग येथे एकत्र येतात. मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना येथे इंजिनाची बाजू बदलावी लागे, म्हणून रात्री-अपरात्री फलाटावर चहा पीत थांबलेली माणसे हे दौंडचे जुने चित्र आहे. शिरूरचे, म्हणजे आपल्या घोडनदीचे, चित्र निराळे आहे. तेथे रेल्वे नाही. नगर रस्ता, जुनी बाजारपेठ आणि आता रांजणगावची औद्योगिक वसाहत ही शिरूरची ओळख. मी शिरूरला वाढलो आणि नोकरीनिमित्त दौंडला आलो. या दोन्ही गावांची मुले माझ्या वर्गात बसली आहेत. परंतु दौंडच्या इतिहासातील एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली, आणि ती कळली तेव्हा मी वर्गात केलेल्या एका चुकीची मला मनापासून शरम वाटली. त्या दोन्ही गोष्टी आज आपल्यापुढे ठेवाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

१९२७ सालचे दौंड

२३ जुलै १९२७ रोजी त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील थेट बिनतारी तारसेवेचे उद्घाटन केले. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आणि व्हाइसरॉय यांच्यात त्या दिवशी शुभसंदेशांची देवाणघेवाण झाली. या सेवेसाठी आपल्या देशात दोन केंद्रे उभारली होती. संदेश पाठविण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे होते, आणि संदेश ग्रहण करण्याचे केंद्र होते आपले दौंड! तिकडे इंग्लंडमध्येही अशीच जोडी होती. ग्रिम्सबीजवळच्या केंद्रातून लहरी निघत आणि त्या दौंडला पकडल्या जात. खडकीहून निघालेल्या लहरी स्केगनेस गावाजवळ पकडल्या जात. मुंबईचे तार कार्यालय जमिनीवरच्या तारांनी या दोन्ही केंद्रांशी जोडलेले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही विचाराल, दोन गावे कशाला? एकाच ठिकाणी पाठविणे आणि घेणे का होऊ नये? त्याचे कारण सोपे आहे. लग्नाच्या वरातीत बँडच्या शेजारी उभे राहून दूरच्या मित्राची कुजबुज ऐकू येईल काय? खडकीच्या प्रक्षेपकाची शक्ती मोठी, आणि हजारो किलोमीटर प्रवास करून आलेली लहर अतिशय क्षीण. ती ऐकायची तर आपल्याच बँडपासून दूर जायला हवे. म्हणून ग्रहण केंद्र रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर, दौंडला नेले. तेथे उंच खांबांवर तारांचा जणू पडदा टांगला होता आणि त्याच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा होता. विजेरीच्या दिव्यामागची चकचकीत वाटी प्रकाश एका दिशेला फेकते, तसेच हे काम. म्हणूनच या पद्धतीला ‘बीम’, म्हणजे झोताची पद्धत म्हणत.

तत्पूर्वी इंग्लंडला तार पाठवायची ती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून. ही केबल १८७० साली मुंबईपर्यंत पोहोचली होती. बिनतारी झोताने तीच कामगिरी कमी दरात करून दाखविली. केबल कंपन्यांचे धाबे इतके दणाणले की १९२८ साली त्यासाठी खास परिषद भरवावी लागली आणि १९२९ मध्ये केबल व बिनतारी यांचे धंदे एकत्र करण्यात आले. आपल्याकडेही १९३२ साली अशीच एकत्रित कंपनी झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जानेवारी १९४७ रोजी, ही सेवा सरकारने ताब्यात घेतली.

हे सारे साम्राज्याच्या राज्यकारभारासाठी आणि व्यापारासाठी होते, हे आपण विसरू नये. दौंडच्या आकाशात विलायतेची बातमी उतरत होती, पण ती दौंडकरांसाठी नव्हती. ती तशीच तारेने मुंबईला जात होती.

ही विद्या कोणाची?

आता मी आपणांस मूळ मुद्द्याकडे नेतो. दौंडला उतरणारी ही लहर ‘आखूड लहर’, म्हणजे शॉर्टवेव्ह होती. या आखूड लहरी दूरवर जातात हे जगाला कोणी दाखवून दिले? मोठमोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी? त्यांचा वाटा निश्चितच आहे. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी त्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. पण त्या मानात मोठा हिस्सा हौशी लोकांचा आहे, आणि त्यात शाळकरी मुलेही आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी समजूत अशी होती की लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. त्यामुळे सरकारे आणि कंपन्या हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरीत आणि त्यासाठी प्रचंड यंत्रे बसवीत. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी निरुपयोगी मानल्या जात. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला, त्यात हौशी मंडळींना याच निरुपयोगी लहरी देण्यात आल्या. हेतू हाच की ही पोरे कोपऱ्यात खेळत बसतील आणि मोठ्यांच्या कामात लुडबुड करणार नाहीत. घरात मोठी माणसे बोलत असताना मुलांना मागच्या पडवीत पाठवावे, तसा हा प्रकार!

पण मागच्या पडवीतच खजिना सापडला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी मंडळींचे संदेश अटलांटिक महासागर ओलांडून स्कॉटलंडला ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल या दोन हौशी गृहस्थांनी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर महासागरापलीकडे परस्परांशी संभाषण केले. आणि १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर कमालच झाली. लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेतल्या यंत्रावरून थेट न्यूझीलंडशी संपर्क साधला. पृथ्वीच्या गोळ्यावर लंडनपासून याहून दूरचा देश शोधूनही सापडणार नाही! पलीकडे यंत्रावर बसलेला माणूस होता फ्रँक बेल. न्यूझीलंडच्या दक्षिण भागात मेंढ्या पाळणाऱ्या एका कुटुंबातला हा हौशी तरुण.

कारण काय, ते पुढे स्पष्ट झाले. पृथ्वीच्या वातावरणात फार उंचावर विद्युतभारित कणांचा थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. आखूड लहरी त्या थरावरून परत खाली वळतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात आणि अशा उड्या घेत घेत जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतात. सूर्याच्या उन्हाने हा थर दिवसा बदलतो, म्हणून दिवसासाठी अधिक आखूड आणि रात्रीसाठी थोडी लांब लहर निवडावी लागते. दौंड-खडकीच्या सेवेतही दिवसाची आणि रात्रीची लहर वेगवेगळी होती.

तारखा ध्यानात घ्या. १९२४ साली शाळकरी मुलाचा संदेश न्यूझीलंडला पोहोचला, आणि १९२७ साली तशाच आखूड लहरींवर चालणारी सेवा दौंडला सुरू झाली. मधे केवळ पावणेतीन वर्षे!

या कथेला दोन पुरवण्या आहेत. पहिली अशी की तोच सेसिल गॉयडर पुढे इंजिनिअर झाला आणि १९३६ साली आपल्या देशात आला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव त्याच वर्षी जून महिन्यात धारण केलेल्या संस्थेचा तो मुख्य अभियंता झाला. भारतातल्या नभोवाणी केंद्रांची, विशेषतः आखूड लहरींच्या केंद्रांची, आखणी करण्यात त्याचा मोठा हात होता. दुसरी पुरवणी आपल्या मुलींसाठी आहे. फ्रँक बेल शेतीच्या व्यापात गुंतल्यावर त्याचे यंत्र त्याच्या बहिणीने, ब्रेंडा बेलने, हाती घेतले. ती न्यूझीलंडमधील पहिली महिला हौशी बिनतारी चालक ठरली, आणि १९२७ मध्ये, म्हणजे दौंडचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, तिने दक्षिण आफ्रिकेशी संपर्क साधला. न्यूझीलंडमधून तो मान मिळविणारी ती पहिली व्यक्ती.

आपले लोक कोठे होते?

कोणी म्हणेल, ही सगळी गोऱ्यांची कथा झाली; आपला त्यात काय भाग? भाग आहे आणि तो पायातल्या दगडाचा आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली. लहर ओळखण्यासाठी गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरता येतो, हे त्यांनी सिद्ध केले आणि १९०४ साली त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. आजचा डायोड, ट्रान्झिस्टर आणि मोबाईलमधील चिप ही सारी स्फटिकांचीच संतती आहे. त्या घराण्याचा एक मूळ पुरुष आपल्या देशातला आहे.

मुंबईत १९४२ साली काय घडले तेही आठवा. ‘चले जाव’ चळवळीत नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या सहकाऱ्यांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत, जागा बदलत बदलत हे प्रक्षेपण चालू होते. ज्यांच्या हातात बिनतारीचे तंत्र होते अशी माणसे मुंबईत होती, म्हणून हे घडू शकले. भाषण लिहिणारे पुष्कळ होते, पण ते आकाशात सोडणारे हात थोडे होते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याच पुणे जिल्ह्याने या विद्येत जे केले ते अभिमानास्पद आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली परदेशांशी उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले. त्याची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती, आणि पुढे त्याला डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. दौंडच्या खांबांनी जे काम आयनांबराच्या भरवशावर केले ते आर्वीच्या तबकडीने उपग्रहाच्या आधारे केले.

त्याच परिसरात, खोडद येथे, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. ज्या लहरी हजारो-लाखो वर्षांपूर्वी ताऱ्यांतून निघाल्या त्या येथे पकडल्या जातात. जागा निवडण्याचे एक कारण दौंडच्या कारणासारखेच आहे: शहरांचा विद्युत-गोंगाट दूर आणि मध्ये डोंगरांचा आडोसा. गोविंद स्वरूप यांची पहिली रेडिओ दुर्बीण कशाची होती ठाऊक आहे काय? ऑस्ट्रेलियात काम संपलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी भारतात आणविल्या आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याणला त्यांतून दुर्बीण उभारली. दुसऱ्याने बाजूला ठेवलेल्या वस्तूतून आपले यंत्र करणे, हा खरा हौशी माणसाचा स्वभाव! खोडदची दुर्बीणही त्याच वृत्तीची आहे. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर पोलादी तारेची जाळी बसविली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी झाले. हा विचार येथला आणि काम करणारे हातही येथले. प्रा. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी निवर्तले, परंतु दुर्बीण काम करीत आहे.

म्हणजे पाहा, १९२७ साली आपल्या जिल्ह्यात यंत्र आले ते दुसऱ्याचे. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आपल्याच जिल्ह्यात जगाने पाहायला यावे असे यंत्र आपण स्वतः केले. हा प्रवास मधल्या काळात ज्यांनी हातात सोल्डर धरला त्यांच्यामुळे झाला.

घराघरातला रेडिओ

माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत रेडिओ लायसन्सचे पुस्तक जपून ठेवलेले होते. आजच्या मुलांना नवल वाटेल, पण पूर्वी रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा मोजके रेडिओ होते. रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला मगरिबनंतर चाँदची खबर ऐकण्यासाठी आजोबांच्या ओट्यावर माणसे जमत, असे अब्बा सांगतात. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि पुण्याचा आवाज आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या घराघरात शिरला.

त्या काळी रेडिओ बिघडला की तो उघडणारा माणूस गावात असे. काही मुले त्याच्या दुकानाबाहेर उभी राहून पाहत आणि शिकत. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आपल्याकडे १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६९ पासून हौशी लोकांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले. पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत. महिन्याचे थोडे पैसे वाचवून एसटीने पुण्याला जावे, चार रोध, दोन कंडेन्सर, एक ट्रान्झिस्टर कागदाच्या पुडीत बांधून आणावा आणि रविवारी ते जुळवीत बसावे, अशी एक पिढी होऊन गेली. त्यांतली कितीतरी मुले पुढे कारखान्यांत, रेल्वेत, तार खात्यात मानाने काम करती झाली.

आज वस्तू बिघडली की फेकतात. मोबाईल तर उघडायचाही नसतो. आपल्या मुलांच्या हातात आजोबांच्या काळापेक्षा हजारपट शक्तीचे यंत्र आहे, परंतु त्याचे झाकण बंद आहे. मला भीती वाटते ती याच झाकणाची.

माझी चूक

आता ती कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना मागच्या बाकावरून एक बारीक पिपाणी वाजली. वर्ग हसला. एका मुलीच्या दप्तरात साबणाची डबी होती, त्यात वायरी, एक बॅटरी आणि काही सुटे भाग होते. मी ती डबी जप्त केली. “वर्गात खेळणी आणायची नाहीत. हे काम तुझं नाही, अभ्यास कर,” असे मी सर्वांसमोर बोललो. ती काहीच बोलली नाही. डबी माझ्या कपाटात पडून राहिली.

चार महिन्यांनी पालकसभेला तिचे वडील आले. त्यांचा भंगाराचा धंदा आहे. जाताना संकोचून म्हणाले, “सर, ती डबी परत मिळेल का? तिची आई पुन्हा रात्री जागते.” मला काही कळेना. तेव्हा त्यांनी उलगडा केला. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी अवेळी येते, कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. तिची आई नळाखाली हंडा लावून जागी बसे. मुलीने वडिलांच्या मालातल्या एका जुन्या यंत्रातून भाग काढून ही डबी केली होती. तिच्या दोन उघड्या तारा हंड्यात सोडायच्या. पाणी आले, तारांना लागले, की पिपाणी वाजायची आणि आई उठायची. शाळेत ती डबी आणली होती ती विज्ञानाच्या बाईंना दाखविण्यासाठी.

मी कपाट उघडले. बॅटरी फुटून तिचे पाणी आत पसरले होते आणि भाग गंजले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीची माफी मागितली आणि नवी बॅटरी व भाग आणून दिले. तिने डबी घेतली, “हो सर” म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली. तिने ते यंत्र पुन्हा केले. आई आता झोपते, असे वडील सांगतात. परंतु त्यानंतर तिने शाळेत मला काही आणून दाखविलेले नाही. ती आता दहावीत आहे. मिल हिलच्या शाळेने गॉयडरला यंत्रासाठी जागा दिली, आणि मी डबी कपाटात कोंडली. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला इतिहास घडताना ओळखता आला नाही, ही बोच मला कायम राहील.

ती डबी चालते कशी?

मी बी.ए. झालेला माणूस. नंतर मी आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांपुढे विद्यार्थ्यासारखा बसलो आणि समजून घेतले. आपणही घ्या, कारण ते अवघड नाही.

नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढ्याने पिपाणी वाजत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर बसवायचा. त्याला तीन पाय असतात. एका पायाला, म्हणजे बेसला, इवलासा प्रवाह दिला की उरलेल्या दोन पायांमधून त्याच्या शंभरपट किंवा त्याहून अधिक प्रवाह जाऊ लागतो. कालव्याच्या दारावरचे चाक एक माणूस फिरवितो आणि पाणी मात्र शेकडो एकरांना जाते, तसेच हे. बाजारात मिळणारा बीसी ५४७ हा स्वस्त ट्रान्झिस्टर, बेसशी जोडलेला एक रोध, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक बझर, एवढे साहित्य पुरते.

दुसरा धडा हिशेबाचा. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी थेट लावला तर तो जळतो. त्याला साधारण दोन व्होल्ट पुरतात. उरलेले सात व्होल्ट रोधावर सोडायचे. ४७० ओहमचा रोध घेतला तर सात भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि दिवा सुखरूप राहतो. भागाकार कशासाठी शिकायचा असे विचारणाऱ्या मुलाला हे एकदा करून दाखवा!

तिसरा प्रयोग बोस यांच्या स्फटिकाचा. लांब एरियल, जमिनीत पुरलेली अर्थची तार, तांब्याच्या तारेचे वेटोळे, बदलता कंडेन्सर, एक जर्मेनियम डायोड आणि जास्त रोधाचा हेडफोन यांचा रेडिओ बॅटरीशिवाय चालतो. त्याला लागणारी शक्ती लहरच आणते. वेटोळे २०० मायक्रोहेन्रीचे असेल तर कंडेन्सर सुमारे २०० पिकोफॅरडवर येताच पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर जुळते. आवाज मंद येईल, कान देऊन ऐकावा लागेल. पण १९२७ साली दौंडचे केंद्र दूरच्या क्षीण लहरीवर कान लावून बसले होते, तेच काम आपले मूल घराच्या गच्चीवर करील.

सावधगिरीचे चार शब्द. मुलांनी घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावू नये. बॅटरीवरच काम करावे. एरियल विजेच्या तारांपासून दूर बांधावी आणि ढग गडगडू लागले की तिच्याजवळ थांबू नये. सोल्डरमध्ये शिसे असू शकते, म्हणून काम खिडकीपाशी करावे आणि नंतर हात धुवावेत. आणि ऐकणे मोकळे असले तरी स्वतः प्रक्षेपण करायचे असेल तर सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तो जरूर घ्यावा.

शेवटची विनंती

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या हातात हुनर आहे. कोणी गॅरेज चालवितो, कोणी वायरिंग करतो, कोणी भंगारातून कामाच्या वस्तू ओळखून काढतो. आपल्या मुलांनी कागदाची नोकरी करावी आणि आपल्यासारखे हात काळे करू नयेत असे आपणांस वाटते, आणि त्यामागची माया मी जाणतो. पण हाताची विद्या आणि पुस्तकाची विद्या यांची ताटातूट केली तर दोन्ही लंगड्या होतात. ज्या मुलाला रोध कळला त्याला भौतिकशास्त्राचे पुस्तक परके वाटत नाही. रांजणगावच्या कारखान्यांत यंत्र जोडणारे हात हवेत, आणि यंत्र कसे असावे हे ठरविणारी डोकीही हवीत. आपली मुले कोणत्या बाजूला बसणार, याचा निर्णय पुष्कळदा दहा-बारा वर्षांच्या वयात, घरातल्या एका रागाच्या शब्दाने होऊन जातो. मुलींच्या बाबतीत तर फारच लवकर होतो.

म्हणून माझी विनंती लहान आहे. घरातला बिघडलेला रेडिओ किंवा पंख्याचा रेग्युलेटर भंगारात देण्यापूर्वी एक रविवार मुलामुलींना उघडून पाहू द्या. फेब्रुवारीच्या २८ तारखेला विज्ञान दिनानिमित्त खोडदला दुर्बीण पाहण्यासाठी लोकांना प्रवेश असतो आणि शाळांतील मुलांचे प्रयोगही मांडले जातात. तेथे त्यांना एकदा घेऊन जा. आणि संस्थेच्या चालकांना माझे नम्र सांगणे आहे की शाळेत एक जुने टेबल, दोन सोल्डरगन, एक मल्टिमीटर आणि शनिवारचा एक तास द्यावा. देखरेखीला विज्ञानाचे सहकारी आहेतच. इतिहासाचा हा शिक्षकही विद्यार्थी म्हणून हजर राहील.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या दौंडवरून तुमची गाडी रोज जाते तेथे एके काळी अर्ध्या जगाच्या पलीकडून निघालेली लहर उतरत असे. त्या लहरीची वाट शोधणाऱ्यांत तुमच्याहून थोडाच मोठा असा एक शाळकरी मुलगा होता. आणि ज्या मुलीची डबी मी कोंडली होती तिने हे पान वाचले, तर तिला एवढेच सांगायचे आहे: बेटी, आता कपाट उघडे आहे. पुढचे जे काही करशील ते घेऊन ये. वर्गात वाजले तरी चालेल.

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.